सिंधुबंदी नेमकी कोणाला होती?

हातखंबा हे काही बंदर नव्हे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचा तो एक तिठा. येथून पश्चिमेला वळले की पंधराएक किलोमीटरांवर रत्नागिरी आणि समुद्र. न वळता पुढे गेले की पाली, आणि तेथून एक वाट लांज्यावरून गोव्याकडे, तर दुसरी आंबा घाट चढून कोल्हापूरकडे. समुद्राकडे जाणारे आणि समुद्राकडे पाठ करून जाणारे येथेच एकमेकांपासून वेगळे होतात. मराठी माणूस आणि समुद्र हा विषय निघाला की आम्हांला म्हणूनच या तिठ्याची आठवण होते.

विषय निघाला तो एका व्याख्यानामुळे. येथून जवळच्याच एका शाळेत ते झाले. वक्ते व्यासंगी होते, वाणी ओघवती होती आणि विषय होता ‘पहिली पृथ्वीप्रदक्षिणा’. मॅगेलनची पाच जहाजे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाची ती अरुंद सामुद्रधुनी, प्रशांत महासागरातली उपासमार, कातडे उकडून खाणारे खलाशी, हे सारे त्यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे उभे केले. समारोप करताना ते म्हणाले, की तिकडे त्यांची जहाजे पृथ्वीला वेढा घालीत होती, तेव्हा आपण मात्र समुद्र ओलांडल्याबद्दल कोणते प्रायश्चित्त द्यावे याचा खल करीत बसलो होतो. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत खाडीकाठच्या गावांतून आलेली, ज्यांचे आजे-पणजे बोटीवर होते अशी मुलेही होती. घरी परतताना आमच्या ध्यानात आले, की त्या मुलांनी स्वतःच्याच आज्याला नाकारण्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तशा त्या वाजवायला आम्हीच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले आहे.

हे वाक्य त्या वक्त्यांचे एकट्याचे नव्हे. गेली शंभर-सव्वाशे वर्षे ते मराठी निबंधांतून, अग्रलेखांतून आणि पाठ्यपुस्तकी सुविचारांतून फिरते आहे. सुधारकाला ते प्रिय, कारण त्याला धर्मशास्त्रावर कोरडे ओढायचे असतात. गतवैभववाद्याला प्रिय, कारण ‘नाहीतर आम्हीही जग जिंकले असते’ असे म्हणायची सोय होते. एरवी कशावरही एकमत न होणारे हे दोन पक्ष या वाक्यावर मात्र एकत्र येतात. एकमत इतके सोपे असते तेव्हा आम्हांला नेहमी शंका येते. म्हणून या वाक्यातला कर्ता, तो ‘आपण’, जरा उजेडात धरून पाहावा असे आम्ही ठरवले.

आरंभ मॅगेलनपासूनच करू. हा मॅगेलन आपल्याला परका नाही. १५०५ साली पोर्तुगीज विजरई आल्मेदाच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी झालेल्या दीवच्या लढाईत तो होता. ज्या आरमाराने ही लढाई जिंकली, त्याने दीवकडे जाताना डिसेंबर १५०८च्या अखेरीस आणखी एक काम उरकले होते: दाभोळ जाळले होते. हे दाभोळ आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, वाशिष्ठीच्या मुखावरचे. ते जाळावेसे वाटण्याइतके श्रीमंत होते, कारण तांबड्या समुद्राशी आणि इराणच्या आखाताशी त्याचा व्यापार चालत असे. तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणेच्या दहा-अकरा वर्षे आधी ‘आपण’ प्रायश्चित्ताचा खल करीत बसलो होतो, हे म्हणताना दाभोळच्या धक्क्यावर जळालेली ती गलबते कोणाची होती, हेही सांगायला हवे. ती ‘आपली’ नव्हती काय?

आता प्रदक्षिणेकडे. २० सप्टेंबर १५१९ रोजी पाच जहाजे आणि सुमारे अडीचशे माणसे स्पेनमधून निघाली. ६ सप्टेंबर १५२२ रोजी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज परतले आणि त्यावर अठरा युरोपीय होते. मॅगेलन त्यांत नव्हता. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या माक्तानच्या किनाऱ्यावर तो मारला गेला होता. जहाज परत आणले ते एल्कानो नावाच्या बास्क खलाशाने. तरीही जगाच्या तोंडी नाव आहे मॅगेलनचे. असे का? कारण त्या जहाजावर आंतोनियो पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन गृहस्थ होता. दोर ओढणे त्याचे काम नव्हते. पाहणे आणि लिहून ठेवणे हे त्याचे काम. मॅगेलनवर त्याची नितांत भक्ती होती आणि एल्कानोचे नावही त्याने आपल्या वृत्तान्तात येऊ दिले नाही. दुसरीकडे स्पेनच्या राजाचे कारकून होते. कोणाला किती पगार द्यायचा, कोण कोठे मेला, लवंगा किती आल्या, याचा हिशेब त्यांना हवा होता. त्या अठरा जणांची नावे आज सांगता येतात ती या कागदांमुळे.

त्याच जहाजावर मोलुक्का बेटांतली काही माणसेही स्पेनला पोचली होती. अठरांच्या हिशेबात त्यांना कोणी धरत नाही. आणि एन्रिके नावाचा एक गुलाम होता. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले तेव्हा मॅगेलनने त्याला विकत घेतले, युरोपात नेले आणि मोहिमेवर दुभाष्या म्हणून बरोबर घेतले. १५२१ साली फिलिपिन्सच्या बेटांवर एन्रिकेने मलाय भाषेत हाक दिली आणि समोरच्यांना ती कळली, तेव्हा पृथ्वी गोल असल्याचा अनुभव सर्वांआधी बहुधा त्या गुलामाच्या कानांनी घेतला. मालकाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राप्रमाणे त्याला मुक्त करायला हवे होते. ते नाकारले गेले. पुढे सेबूच्या मेजवानीत झालेल्या कत्तलीनंतर तो इतिहासातून नाहीसा होतो. पृथ्वीला वेढा घालून आपल्या मुलखात परतलेला पहिला मनुष्य कदाचित तोच. पण त्याच्याकडे पिगाफेत्ता नव्हता.

येथे आमचा मुद्दा सुरू होतो. प्रदक्षिणा जहाजाने घातली जाते, पण ती ‘झाली’ हे कागद ठरवतो.

आता त्या प्रसिद्ध सिंधुबंदीकडे वळू. समुद्रगमनाने पातक लागते हा विचार जुना. बौधायनाच्या धर्मसूत्रात तो आहे, आणि पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही पंक्तीला घेऊ नये, इथवर मजल गेली. ‘द्विजाला’ हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. बंदी कोणाला होती, हे बंदी घालणाऱ्यांनी स्वच्छ सांगून ठेवले आहे. मासे मारणाऱ्या कोळ्याने, गलबत हाकणाऱ्या खारव्याने, गाबताने, भंडाऱ्याने, दालद्याने समुद्रावर जाऊ नये असे कोणी म्हटले नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. पंक्तीला घेण्याचा प्रश्न त्यांच्याच बाबतीत येतो, ज्यांचे पान पंक्तीत मांडलेले असते.

‘सिंधुबंदी’ हा शब्द मराठीत रुळवला सावरकरांनी, आणि तोही आमच्या रत्नागिरीत. १९२४ ते १९३७ या काळात ते येथे स्थानबद्ध होते. हिंदू समाजाच्या पायांतल्या सात बेड्या त्यांनी मोजल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक. बेडी तोडा म्हणणाऱ्याशी आमचे भांडण नाही. ती तोडायलाच हवी होती. आमचा आक्षेप त्यानंतर त्या शब्दाचे जे झाले त्यावर आहे. एका वर्गाच्या पायांतली बेडी साऱ्या समाजाच्या पायांत होती, असे त्या शब्दाच्या आडून गृहीत धरले गेले. ज्या रत्नागिरीत हे लिहिले गेले तिथे मिरकरवाड्याहून आणि मिऱ्याहून माणसे रोज समुद्रावर जात होती. जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घराघरांतून पुरुष मुंबई गाठून परदेशी बोटींवर चढत होते. त्यांच्या पायांत ही बेडी कधी नव्हतीच. त्यांच्या हातांत मात्र होती, आणि ती सावरकरांच्या यादीतली दुसरी बेडी: व्यवसायबंदी. ज्याने जहाज हाकायचे त्याने लिहायचे नाही, आणि ज्याने लिहायचे त्याने जहाजावर पाय ठेवायचा नाही. या दोन बेड्या एकत्र ठेवून पाहिल्या तर मराठी समुद्राची सारी कथा उलगडते. जे लिहू शकत होते ते गेले नाहीत. जे गेले त्यांना लिहू दिले नाही.

याचा एक नमुना पाहा. १७८१ साली राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव हे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर पारशी पितापुत्र लंडनला गेले. एडमंड बर्कने त्यांची आपल्या घरी सोय केली आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. हणमंतरावांना परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्याच्या सुरस कथा आजवर सांगितल्या जातात. एक माणूस गेला, त्याचा एवढा बोभाटा. आणि त्याच काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून शेकडो हिंदी खलाशी लंडनच्या गोद्यांत उतरत होते, थंडीने आणि उपासमारीने मरत होते, उरलेले परतत होते. त्यांच्या प्रायश्चित्ताची कोणाला फिकीर नव्हती, म्हणून त्यांच्या प्रवासाची नोंद नाही. मराठी इतिहासात समुद्र ओलांडला जातो तो फक्त तेव्हा, जेव्हा तो ओलांडल्याने कोणीतरी बाटते.

बरे, आरमाराचे काय? मराठ्यांचे आरमार सिंधुबंदीने बुडाले असेही सुचवले जाते. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तोवर इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही त्यांचा धाक होता. त्यांच्या मागे तुळाजीचे आरमार विजयदुर्गच्या बंदरात फेब्रुवारी १७५६मध्ये जळाले. ते जाळले वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी तोफांनी, आणि इंग्रजांना मदतीस बोलावणारे होते पुण्याचे नानासाहेब पेशवे. कलिवर्ज्याच्या कोणत्याही श्लोकाने त्या दिवशी एकही गलबत पेटवले नाही. ते राजकारण होते, भाऊबंदकी होती आणि घाटावरून समुद्राकडे पाहण्याची वृत्ती होती. हा दोष मोठा आहे, पण तो धर्मशास्त्राच्या खात्यावर टाकला की पुण्याच्या दरबाराचे खाते कोरे राहते.

आरमार गेले, तरी खलाशी राहिले. इंग्रजांनी त्यांना ‘लस्कर’ म्हटले. त्यांच्यासाठी वेगळे करार आणि वेगळा शिधा होता, झोपायची जागा अरुंद होती आणि वेतन गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांश, एक-चतुर्थांश होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांच्या आसपास आशियाई खलाशी होते. मुंबईतून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीचे लोक डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये, अशी वाटणीच ठरून गेली होती. धोबी तलावाच्या आसपास गोवेकर खलाशांचे गावोगावचे ‘कूड’ उभे राहिले. सारंग, तांडेल, सुकाणी ही पदांची नावे साऱ्या हिंदी महासागरात चालत. इंग्रज कप्तानालाही ती पाठ करावी लागत. यांतल्या किती जणांनी एका नोकरीत लंडन, दुसरीत न्यूयॉर्क, तिसरीत सिडनी करत नकळत पृथ्वीला वेढा घातला असेल? त्यांच्या नोकरीच्या दाखल्यावर, ज्याला ते ‘नल्ली’ म्हणत, जहाजाचे नाव, तारीख आणि वर्तणुकीचा शेरा एवढेच असे. करारावर अनेकांचा अंगठा असे. अंगठ्याला प्रवासवर्णन लिहिता येत नाही.

नाव मिळाले ते एकाच ठिकाणी. मुंबईतल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींची आठवण तेथे जपली आहे. म्हणजे आमच्या खलाशाला नोंदले जाण्यासाठी बुडावे लागले. जो जिवंत परतला, त्याने कोकणात घर बांधले, आंब्याची कलमे लावली, आणि नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी त्याच्याबरोबर गेल्या.

शिडांच्या युगातल्या प्रदक्षिणांचा शेवटचा मोठा अध्याय, तोही याच किनाऱ्यावरून सुरू होतो. त्याची गोष्ट आम्हांला येथे सविस्तर सांगायची आहे, कारण ती मराठी वाचकाला क्वचितच सांगितली जाते. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. त्याने मुंबईत एक शिडाची नौका बांधून घेतली. सुमारे बत्तीस फूट लांब, दोन डोलकाठ्यांची, अस्सल सागवानी. आराखडा तेव्हाही जुनाट मानला जाई. बांधणारे मुंबईचे हिंदी सुतार. १९६४ साली ती पाण्यात उतरली आणि आखातातल्या आग्नेय वाऱ्याच्या अरबी नावावरून तिचे नाव ठेवले ‘सुहेली’. तीच नौका पुढे मुंबईहून केपटाउनमार्गे इंग्लंडला गेली.

१४ जून १९६८ रोजी त्याच सागवानी नौकेतून नॉक्स-जॉन्स्टन एकटा फाल्मथहून निघाला. ‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेली ती स्पर्धा होती: एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. निघाले नऊ जण. बाकीच्यांतल्या काहींच्या नौका अधिक नव्या आणि अधिक वेगवान होत्या. अटलांटिकमध्ये सुहेलीच्या तळाशी फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा त्याने पाण्याखाली बुड्या मारून सांध्यात कापूस ठासला आणि वरून पत्रा ठोकला. रेडिओ बंद पडला, सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा मोडली, महिनोन्‌महिने त्याचा ठावठिकाणा कोणाला नव्हता. १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तो फाल्मथला परतला. नऊ जणांतला एकटा तोच परतला. एकट्याने न थांबता केलेली जगातली ती पहिली प्रदक्षिणा होय. त्या नौकेचे सागवान टिकले. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि पटाशीच्या जुन्या रीतीने जोडलेले लाकूड दक्षिण महासागराच्या लाटांखाली टिकले.

या सुतारांची नावे काय? इंग्रजी माहितीपत्रांत त्यांचा उल्लेख बहुधा ‘भारतीय कारागीर’ एवढाच येतो. इंग्रजांना आम्ही दोष देत नाही. त्यांचा नायक नौकेत होता. आमचा प्रश्न मराठीला आहे. ही नौका मुंबईत बांधली गेली. मराठी वर्तमानपत्रे मुंबईत निघत होती, मराठी साहित्यिक मुंबईत राहत होते. कोणा मराठी लेखकाने कुलाब्याच्या बाजूला जाऊन या मिस्त्रींपैकी एकालाही गाठून ‘बाबा, तुझे नाव काय, गाव कोणते, हे काम कोणाकडून शिकलास?’ असे विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. त्या वर्षांत आम्ही नवकथेच्या घाटाची चर्चा करत होतो. तीही आवश्यक होती, हे कबूल. पण वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ आणि ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकांच्या बाबतीतही हेच झाले होते. जमशेटजी बमनजींचे नाव राहिले, आणि ते राहायलाच हवे. १८१७ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. तिचे लाकूड तासणारे हात मात्र नावाविना गेले. दीडशे वर्षांत आमची सवय बदलली नाही.

आणि याच स्पर्धेत एक उलटे उदाहरणही घडले. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा स्पर्धक अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण पृथ्वीला वळसा घालत आहोत अशा खोट्या बातम्या कळवत राहिला. अखेर ती फसवणूक त्याच्याच मनाला पेलवली नाही. जुलै १९६९मध्ये त्याची रिकामी नौका सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबाला दिले. त्या दुर्दैवी माणसाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला एवढेच दिसते, की कागदावर प्रदक्षिणा घालता येते, आणि प्रदक्षिणा घालूनही कागदावर न येणारे असंख्य असतात. इतिहास कागदावरून लिहिणाऱ्याने ही दोन्ही टोके ध्यानात ठेवलेली बरी.

येथे आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की नौका बांधणे म्हणजे प्रदक्षिणा घालणे नव्हे, आणि दुसऱ्याच्या जहाजावर पगारी खलाशी असणे म्हणजे शोधमोहीम नव्हे. मान्य. पण मग हाच नियम व्हिक्टोरियावरच्या अठरा जणांना लावा. त्यांतले बहुतेक पगारीच होते, मोहीम राजाची होती, पैसा सावकारांचा होता आणि ओढ लवंगांची होती. त्यांना आपण वीर म्हणतो आणि आमच्या सुकाण्याला नोकर. हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सिंधुबंदीने काहीच नुकसान केले नाही असे तुम्हांला म्हणायचे आहे काय? नाही. नुकसान फार मोठे झाले. मात्र ते लोक समजतात ते नव्हे. जहाजे थांबली नाहीत, ज्ञानाची देवघेव थांबली. तांडेलाला वारे, तारे आणि प्रवाह ठाऊक होते. पंचांगकर्त्याला गणित ठाऊक होते. दोघे एका पडावावर कधी बसले नाहीत. म्हणून आमच्याकडे नकाशे झाले नाहीत, रोजनिशा झाल्या नाहीत. आणि म्हणून मराठी साहित्यातला समुद्र बहुतांशी किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. सावरकरांची ती विख्यात समुद्रावरची कवितासुद्धा ब्रायटनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची आहे. कोकणावरच्या आमच्या थोर कादंबऱ्यांत खोत आहेत, आगर आहेत, भुते आहेत, विहिरी आहेत. केप ऑफ गुड होपपाशी पहाऱ्यावर उभा असलेला कोकणी माणूस शोधायला फार श्रम पडतात.

पृथ्वीप्रदक्षिणेची एक कथा आपण सारे लहानपणी ऐकतो. दोन भावांत पैज लागली. कार्तिकेय मोरावर बसून खरोखर पृथ्वीभोवती गेला. गणपतीने आईवडिलांना फेरी घातली आणि फळ मिळवले. गणपती आमचेही दैवत, तेव्हा त्याच्या बुद्धीला आम्ही हात जोडतो. पण हाच गणपती महाभारताचा लेखनिक आहे, हा योगायोग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याच्या हाती लेखणी, प्रदक्षिणेचे फळ त्याला. कार्तिकेय परत आला तेव्हा निकाल लागून गेला होता. आमच्या किनाऱ्यावर असे कार्तिकेय पुष्कळ परत आले आहेत.

आता काही बदलले आहे, हेही नोंदवले पाहिजे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर ‘सागर परिक्रमे’चा ध्यास घेतला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून चार मुक्काम घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ २०१२-१३ साली त्याच नौकेतून अभिलाष टॉमी कोठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ साली ‘तारिणी’तून सहा महिला अधिकारी गेल्या, आणि मे २०२५मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच तिला पृथ्वीभोवती फिरवून परतल्या. २०१८च्या शर्यतीसाठी सुहेलीची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली तीही गोव्यातच. अर्धशतकानंतर ते गलबत पुन्हा याच किनाऱ्यावर जन्मले. या साऱ्यांत आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की म्हादेई कोणी बांधली हे लोकांना ठाऊक आहे. ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात आले, तेव्हा ते शिवणारे केरळचे मिस्त्री बाबू शंकरन यांचे नाव सरकारी पत्रकातही छापले गेले. नाव लिहायला फार शाई लागत नाही, हे सिद्ध झाले.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. ‘आपण समुद्र ओलांडला नाही’ हे वाक्य यापुढे मराठीत लिहिणाऱ्याने त्यातल्या ‘आपण’चा पत्ता द्यावा. ‘आम्ही लिहिणाऱ्यांनी ओलांडला नाही, आणि ज्यांनी ओलांडला त्यांना आम्ही विचारले नाही’ असे लिहावे. ते खरे होईल. आणि पश्चात्ताप खरा असेल तर त्याचे प्रायश्चित्तही सोपे आहे. राजीवड्यापासून दाभोळपर्यंत आणि विजयदुर्गपासून वेंगुर्ल्यापर्यंत अजून अशी घरे आहेत, जेथे पत्र्याच्या पेटीत एखादी जुनी नल्ली, एखादे पोस्टकार्ड, गणवेशातला एखादा फोटो पडून आहे. ती पेटी उघडायला सांगावी, नाव विचारावे, बंदरे विचारावीत, लिहून घ्यावे. विद्यापीठांनी करावे, शाळांनी करावे, आम्हां ब्लॉग लिहिणाऱ्यांनीही करावे. दहा वर्षांनी हे करू म्हटले तर विचारायला कोणी उरणार नाही.

त्या व्याख्यानानंतर काही दिवसांनी आम्ही त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना एक विनंती केली: पुढच्या खेपेस वक्ता बाहेरून आणण्याऐवजी मुलांनाच घरी पाठवावे, आणि आपल्या घराण्यातले कोण बोटीवर होते हे विचारून यायला सांगावे. त्यांनी होकार दिला आहे. मुले हातखंब्याच्या तिठ्यावरून आपापल्या वाटांनी जातील. काही जण काहीच न घेता परततील. पण एखाद्याच्या वहीत एक नाव, एक गाव आणि चार परदेशी बंदरांची अशुद्ध लिहिलेली नावे असतील. ती वही आम्ही पिगाफेत्ताच्या शेजारी ठेवू. असो.